उतारा म्हणजे नेमका कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शेतकरी उत्पादक कंपनीच्या कामासाठी तुम्ही सहा महिन्यांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यात आलात. गावात बोलताना इंग्रजी शब्द टाळता, सोपं मराठी बोलता. तरी बैठकीत माना डोलतात आणि आठवड्याने जाऊन पाहावं तर भलतंच झालेलं असतं. बँकवाल्याचं बोलणं वेगळं, दवाखान्याचं वेगळं, कृषी खात्याचं वेगळं, पटवाऱ्याचं तर विचारूच नका. म्हणून या सगळ्या खात्यांच्या शब्दांची एक सोपी शब्दसूची छापून घरोघरी वाटावी का?

वाटा, मी अडवत नाही. फक्त एवढं सांगतो की अशी सूची मी एकदा छापली होती, पदरच्या पैशाने. उरलेल्या प्रती अजून माळ्यावर आहेत, उंदरांच्या ताब्यात. ती का फसली ते कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

मी कृषी खात्यात ३१ वर्षं काढली. आधी कृषी सहायक, मग पर्यवेक्षक. बहुतेक नोकरी राळेगाव, घाटंजी, पांढरकवडा या कापसाच्या पट्ट्यात, शेवटची काही वर्षं गडचिरोलीकडे धानाच्या मुलखात. बायको उपकेंद्रात सिस्टर होती. त्यामुळे दोन खात्यांच्या भाषा आमच्या घरात एकाच ताटात जेवायच्या. तिने 'डोस' म्हटलं की मला युरिया आठवायचा. मी 'लागण' म्हटलं की तिला साथ आठवायची.

एवढ्या वर्षांत अवघड शब्दाने कोणाचं फार वाकडं केलेलं मी पाहिलं नाही. 'इलेक्ट्रोफोरेसिस' म्हटलं की समोरचा माणूस थबकतो, "काय म्हन्लं सिस्टर?" असं विचारतो, आणि तिथे समजावून सांगायला जागा मिळते. घात करतो तो ओळखीचा शब्द. तो ऐकला की ऐकणाऱ्याला विचारावंसं वाटत नाही आणि बोलणाऱ्याला तपासावंसं वाटत नाही. दोघंही आपापल्या अर्थासह समाधानाने घरी जातात.

'उतारा' हा एकच शब्द घ्या. पटवाऱ्याकडचा उतारा म्हणजे सातबारा नाहीतर आठ-अ. जिनिंगमध्ये उतारा म्हणजे क्विंटलभर कापसातून रुई किती निघाली. तेहतीस-चौतीस किलो निघाली की ठीक. वावरात उतारा म्हणजे एकरी माल किती झाला. पोरांच्या पुस्तकात उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात. कीटकनाशकाच्या डब्यासोबत जी बारीक अक्षरांची घडी येते, तिच्यात विषावरचा उतारा दिलेला असतो. आणि अमावास्येला तिठ्यावर लिंबू-नारळ-भात ठेवतात, तोही उताराच.

फवारणीचे दिवस होते. एका गावातून बायकोला फोन आला, दिराले औषध लागलं, उलट्या होऊन रायल्या, डोयापुढं अंधारी येते. तिने सांगितलं, अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा, डबा सोबत घ्या आणि लगेच दवाखान्यात न्या. तासाभराने तिने पुन्हा फोन लावला. "उतारा दिला का?" पलीकडून ती वहिनी म्हणाली, "हाव सिस्टर, देल्ला. आता निजला हाये." बायको निर्धास्त झाली. तिच्या मनात अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन होतं. त्या बाईच्या मनात सासूने तिठ्यावर नेऊन ठेवलेला नारळ होता. रात्री नऊच्या सुमारास तिला राहवेना म्हणून मी गाडी काढली, आम्ही दोघं गेलो. पोरगा ओसरीत पडला होता, तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. निजला नव्हता, ग्लानीत होता. तालुक्याच्या दवाखान्यात चार दिवस काढून वाचला, हे त्याचं आणि आमचं नशीब.

बायकोला प्रशिक्षणात शिकवलं होतं, तांत्रिक शब्द टाळा, लोकांच्या भाषेत बोला. तिने टाळला. सरळ 'अ‍ॅट्रोपिन' म्हणाली असती तर ती बाई नक्की विचारती, ते काय असते? या एका गोष्टीसाठी तिने स्वतःला फार बोल लावून घेतला. मी म्हणायचो, तुझी एकटीची चूक नाही, त्या बाईच्या पहिल्या फोनमध्ये आमच्या खात्याचाही एक शब्द होता, आणि तो याहून वाईट आहे.

तो शब्द 'औषध'. कीटकनाशकाला आपल्याकडे औषध म्हणतात, दवाई म्हणतात. औषध मारलं, औषध आणलं, औषधाची उधारी राहिली. सगळ्यांत जहाल डब्यावर लाल त्रिकोण असतो, त्याच्या वर कवटी असते, 'विष' असं छापलेलं असतं, पण दुकानदारापासून माझ्यापर्यंत सगळे तोंडाने औषध म्हणतात. आम्ही खात्याचे लोकच तीस वर्षं असं म्हणत आलो. पिकाला रोग, म्हणून त्याला औषध. आता औषध म्हटलं की कोणता माणूस ते हातमोजे घालून हाताळेल? घरात लेकराच्या खोकल्याची बाटली ज्या फळीवर, त्याच फळीवर हीही.

बरं, बोलीतले बारकावे असे की बाहेरून आलेल्याला सापडतच नाहीत. 'औषध लागू पडलं' म्हणजे गुण आला. 'औषध लागलं' म्हणजे विषबाधा झाली. आणि 'औषध घेतलं' किंवा 'औषध पेला' म्हणजे काय, ते आपल्या भागात कोणालाही विचारा, तो मान खाली घालेल. एक नवे डॉक्टर आले होते, पुण्याकडचे, अगदी सज्जन माणूस. तापाचा पेशंट तपासताना त्यांनी सहज विचारलं, "आधी काही औषध घेतलं होतं का?" पेशंटचा भाऊ खवळून उठला, "आमच्या घरचा मानूस औषध घेनारा नाई!" डॉक्टरांना कळेना आपलं काय चुकलं. त्या घरात दोन वर्षांपूर्वी चुलत्याने औषध घेतलं होतं. तेव्हापासून ते डॉक्टर 'गोळी खाल्ली का, इंजेक्शन टोचलं का' असं विचारू लागले. साधा बदल, पण कुठल्याही शब्दसूचीत तो तुम्हाला सापडणार नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. कारणं पुष्कळ होती. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याइतकी वाढलेली, त्यामुळे फवारा सरळ तोंडावर यायचा, दमट उकाडा, दोन-तीन रसायनं एकत्र कालवायची सवय, जोराने मारणारे नवे पंप, अंगात साधा सदरा. शब्दांनी माणसं मेली असं मी म्हणणार नाही, तो अतिरेक होईल. पण त्यानंतर गावोगाव बैठका घेताना मी हिशेब मांडला, की शेतकऱ्यापर्यंत धोक्याची कोणती भाषा पोचत होती? त्रिकोणाचा रंग. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. एका सभेत मी विचारलं, हिरव्या त्रिकोणाचा अर्थ काय? एक जाणता कास्तकार उठून म्हणाला, "पीक हिरवं असलं का ते मारा लागते, वायलं का लाल." कोणी हसलं नाही. बऱ्याच जणांची तीच समजूत होती.

मात्रेचंही तसंच. चिठ्ठीवर मात्रा हेक्टरी, शेतकऱ्याचा हिशेब एकरी, दुकानदाराचा पंपाला, आणि मजुराचा झाकणाला. "पंपाले दोन झाकनं." कोणत्या बाटलीचं झाकण? जी हाताशी असेल तिचं. त्यात हातपंपाची मात्रा तशीच पॉवर पंपाला वापरली की सगळा हिशेब उलटतो, कारण पॉवर पंप थोड्या पाण्यात जास्त वावर उरकतो. त्यासाठी पंपामागची मात्रा वेगळी काढावी लागते. 'पंप' हा शब्द तोच राहिला आणि खालची वस्तू बदलली. मी शेवटी भाषण सोडून खिशात मोजमाप घेऊन फिरायला लागलो, कफ सिरपसोबत मिळतं तसलं.

आणि डबा सोबत न्या, हे का सांगायचं तेही नीट सांगा. डॉक्टरला दुकानातलं नाव उपयोगाचं नसतं, निळ्या झाकणाचं की सोनेरी लेबलाचं हे तर अजिबात नाही. त्याला आतला घटक कळायला हवा. मोनोक्रोटोफॉससारख्या घटकावर अ‍ॅट्रोपिन चालतं, दुसऱ्या कित्येकांवर नेमका असा उतारा नाहीच, लक्षणं पाहून उपचार करावे लागतात. घटकाचं ते अवघड इंग्रजी नाव गावातल्या कोणी पाठ करायची गरज नाही. डबा बोलतो.

दवाखान्यातल्या दोन गमती सांगून पुढे जातो. आपल्याकडे कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात. एका म्हाताऱ्याला सांगितलं, "बाबा, तुमच्या पांढऱ्या पेशी वाढल्या." तो म्हणाला, "वाढल्या तं वाढल्या, वकिलानं सोमवारची सांगतली होती." दुसरी गंमत तितकी हसण्यासारखी नाही. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. त्यात ज्याच्या अंगात एकच दोषी जनुक असतो, ज्याला स्वतःला सहसा त्रास होत नाही, त्याला कागदावर 'वाहक' म्हणतात. बायकोने एका आईला सांगितलं, तुमची मुलगी वाहक आहे. ती म्हणाली, "नाई सिस्टर, ते तं बारावीत हाये." एसटीच्या दारावर चालक-वाहक लिहिलेलं असतं; वाहक म्हणजे कंडक्टर. एवढ्यावर राहिलं असतं तर चाललं असतं. पण त्याआधीच्या साध्या चाचणीचा कागद घरात होता आणि त्यावर 'पॉझिटिव्ह' लिहिलं होतं. ती चाचणी वाहक आणि रुग्ण दोघांनाही पॉझिटिव्हच दाखवते, फरक पुढच्या तपासणीत कळतो. सोयरिकीच्या बोलण्यात तो कागद पुढे आला आणि जमत आलेलं लग्न मोडलं. खरं म्हणजे मुलगा वाहक किंवा रुग्ण नसेल तर त्या जोडप्याला सिकलसेलचं मूल होण्याची भीतीच नव्हती. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. बायको पुढे हरभऱ्याचे दाणे घेऊन बसायची, दोन साबूत, दोन फुटके, आणि त्यांच्या जोड्या लावून दाखवायची. 'वाहक' हा शब्द ती शेवटी सांगायची, कागदावर ओळखता यावा म्हणून.

आता हवामान, कारण तुमचं काम खरिपाशी बांधलेलं आहे. "विदर्भात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता." गावात हे ऐकून काय समजतात? तुरळक पाऊस. म्हणजे शिंतोडे. हवामान खात्याचा 'तुरळक' पावसाच्या जोराबद्दल बोलतच नाही, तो जागेबद्दल बोलतो. पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर पाव भागात पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. पण जिथे पडेल तिथे मुसळधार, म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर. सोयाबीनची गंजी वावरात उघडी टाकून निजलेल्या माणसाला हा फरक सकाळी कळतो. मी सांगताना म्हणायचो, चार गावांत मिळून एखाद्या गावावर पडेल, पण पडला तर नाला काठ सोडेल. वैज्ञानिकदृष्ट्या ढोबळ आहे, ताडपत्री मात्र झाकली जाते.

आणि इथेच उलट बाजू येते. आम्ही खात्यातले लोक असं धरून चालतो की तांत्रिक भाषा आमच्याकडे आहे आणि गावाकडे फक्त बोली. हे साफ खोटं आहे. कास्तकाराची भाषाही तितकीच तांत्रिक आहे, तिच्यात आमच्यापेक्षा बारीक भेद आहेत, आणि ते न कळल्याने नुकसान त्याचंच होतं. 'झड' घ्या. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, पाऊस बारीक पण थांबत नाही, जमिनीत पाय रुततो, डवरा चालत नाही, सोयाबीन पिवळं पडतं. शेतकरी म्हणतो, झडीनं मेलं. महसुलाच्या कागदावर झड नव्हती. तिथे 'अतिवृष्टी' होती, आणि अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस. झडीत रोज वीस-पंचवीस मिलिमीटर पडतो, आठवड्यात दीडशेच्या वर जातो, पण कोणत्याही एका दिवशी पासष्टला शिवत नाही. मग अर्जावर शेतकरी 'अतिवृष्टीने नुकसान' लिहायचा, कारण कोणीतरी सांगितलेलं की तोच शब्द चालतो. पर्जन्यमापकाचे आकडे काढले की अर्ज खोटा ठरायचा. खरं बोलणाऱ्या माणसाला कागदाच्या शब्दाने लबाड ठरवलं. अशा किती अर्जांवर मी स्वतः 'निकषात बसत नाही' लिहिलं, त्याची मोजदाद नको. पुढे सततचा पाऊस हेही नैसर्गिक आपत्तीत धरायचं ठरलं, तेव्हा मला त्या झडीची आठवण झाली. आमच्या अहवालांत तो शब्द आधीच गेला असता तर काय झालं असतं कोण जाणे.

तसाच 'वापसा'. पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, हा आमचा दरवर्षीचा सल्ला. शेतकऱ्याकडे पर्जन्यमापक नाही, पण तो कुदळ मारून वीतभर ओल गेली का पाहतो, मूठभर माती दाबतो, ढेकूळ होऊन हलक्या बोटाने फुटलं तर वापसा आला म्हणतो. भारी काळ्या जमिनीत आणि बरडावर हा दिवस वेगवेगळा येतो, एकाच गावात. आमचा आकडा दोघांना एकच. सल्ला चुकीचा नाही, पण तो वापशाच्या भाषेत सांगितला तर पाळला जातो. मिलिमीटरमध्ये सांगितला तर मिरग लागला, शेजाऱ्याचं सरतं चाललं, की हाही निघाला तिफण घेऊन.

पीक विम्याबद्दल थोडंच बोलतो, कारण त्या कागदाची भाषा पाहिली की माझा तोल जातो. 'उंबरठा उत्पादन'. उंबरठा म्हटलं की आपल्याला घर आठवतं. इथे त्याचा अर्थ, मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरी पिकाला जोखीमस्तराने (विम्यात ठरवलेल्या टक्क्याने) गुणून आलेला आकडा. यंदाचं मंडळाचं सरासरी पीक त्याखाली गेलं तर भरपाई. तुमच्या एकट्याच्या वावराचं पीक नव्हे, मंडळाचं. आणि ते कसं मोजतात? 'पीक कापणी प्रयोग' करून. गडचिरोलीतल्या वडसा-देसाईगंजकडे मी हा शब्द पहिल्यांदा वापरला तेव्हा लोकांनी विचारलं, किती वाजता आहे? तिकडच्या झाडीपट्टीत प्रयोग म्हणजे नाटकाचा, रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारा. 'विमा संरक्षित रक्कम' हा तर सरळ फसवा शब्द आहे. हेक्टरी इतके हजार संरक्षित, म्हणजे तेवढे मिळणार, असंच कोणीही वाचेल. ती वरची हद्द आहे. बैठकीत हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा, नाहीतर हंगामाच्या शेवटी लोक तुमच्या कंपनीच्या दारात बसतील.

आता माझ्या त्या सूचीचं. मी काय केलं होतं, तर प्रत्येक सरकारी शब्दासमोर एक सोपा शब्द ठेवला होता. फेरफार: नोंद बदलणे. पोटखराब: पीक न येणारी जागा. आकार: सारा (लोक त्याला जमिनीचा आकार समजत). बोजा: कर्ज. या शेवटच्या शब्दाने मला शिकवलं. एका शेतकऱ्याने सोसायटीचं कर्ज पै-पै करून फेडलं. दोन वर्षांनी मुलीच्या लग्नासाठी एकरभर जमीन विकायला काढली. गिऱ्हाईक आलं, सातबारा पाहिला, इतर हक्कात बोजा. हा म्हणतो, माझ्यावर कर्ज नाही. आणि माझी पुस्तिका दाखवतो, बोजा म्हणजे कर्ज, कर्ज नाही म्हणजे बोजा नाही. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नसतो. बेबाकीचं, म्हणजे काही बाकी नसल्याचं, पत्र घ्यावं लागतं, ते पटवाऱ्याकडे द्यावं लागतं, फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, मग सातबारा कोरा होतो. एवढं होईस्तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं, आणि जमीन कमी भावात गेली. तो माझ्याकडे भांडायला आला नाही. पुस्तिका परत द्यायला आला. म्हणाला, "साहेब, हे तुमच्यापाशीच ठेवा."

म्हणून माझं मत असं झालं की कागदाचा शब्द लोकांपासून काढून घेऊ नये. खिडकीवर तोच शब्द लागतो. 'बोजा कमी करायचा आहे' असं म्हणणाऱ्याला कारकून सरळ कागद काढून देतो. 'कर्जाचं ते तेवढं काढून टाका' म्हणणाऱ्याला उद्या या म्हणतो. सोपं करण्याच्या नादात आपण त्याच्या हातातली किल्लीच काढून घेतो. शब्द ठेवा, त्याच्यामागे कोणकोणती कामं आहेत ती सांगा, आणि आधी ती कामं सांगून शेवटी शब्द सांगा, बायको हरभऱ्याचे दाणे मांडायची तसं.

आपल्या भागात यात एक जास्तीची अडचण आहे, ती पुण्या-मुंबईत बसून पुस्तिका लिहिणाऱ्यांना दिसत नाही. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, त्याआधी मध्य प्रांत-वऱ्हाडात. त्यामुळे कारभाराचे कितीतरी शब्द आपल्याकडे हिंदीच्या अंगाने आले आणि राहिले. तलाठ्याला आपण पटवारी म्हणतो. आता सरकारने त्याला ग्राम महसूल अधिकारी केलं, तरी गावात पटवारीच. प्रतिज्ञापत्राला हलफनामा. पूर्वेकडे तर गावाचे जंगल-तलावावरचे हक्क निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज अशा नावांच्या कागदांत नोंदलेले आहेत. मी गडचिरोलीला रुजू झालो तेव्हा फायलीत 'मामा तलाव दुरुस्ती' वाचून मला वाटलं, कोणाच्या तरी मामाने बांधलेला असावा. माजी मालगुजारी (जुन्या मालगुजारांचे, म्हणजे जमीनदारांचे) तलाव, त्याचं आखूड रूप. यवतमाळचा माणूस, इतक्या वर्षांची नोकरी, आणि मधला एक जिल्हा ओलांडून गेलो तर अडाणी! तिथे खंडीचाही घोळ झाला. माझी खंडी कापसाची, ३५६ किलो रुईची. तिकडची खंडी धानाची, वीस कुडवांची, मापाने मोजायची. मेंढपाळाला विचारलं तर खंडी म्हणजे वीस मेंढरं. यात चूक कोणाचीच नाही, फक्त भाव ठरवण्याआधी कोणाची खंडी ते विचारून घ्यावं.

तुम्ही विचारलंत, लोक 'हो' का म्हणतात. 'समजलं का?' असं विचारलं तर दुसरं काय म्हणतील? चार लोकांत, खुर्चीवरच्या बाईंना, 'नाही समजलं' म्हणणं म्हणजे आपलंच हसू करून घेणं. आपल्याकडचा 'हाव जी' हा मान दिल्याचा शब्द आहे, पावती नव्हे. मी तो प्रश्न विचारणं बंद केलं. त्याऐवजी म्हणायचो, "घरी गेल्यावर वहिनी विचारतील ना, कायची मिटिंग होती म्हणून? काय सांगाल?" मग जे ऐकायला मिळतं ते सोन्यासारखं असतं. एकदा 'आर्थिक नुकसान पातळी' यावर मी अर्धा तास बोललो होतो. कीड किती वाढली की फवारणीचा खर्च परवडतो, ती ही पातळी. गुलाबी बोंडअळीसाठी सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग, किंवा शंभरात दहा फुलं-बोंडं किडलेली. अर्ध्या तासानंतर एका भाऊंनी घरी सांगायचा मजकूर असा सांगितला: "एवढी अळी पडली का सरकार पैसे देते." आर्थिक, नुकसान, पातळी, तिन्ही शब्द त्यांना येत होते, आणि त्यांनी जोडलेला अर्थ शब्दांना धरूनच होता. मूर्ख मी होतो.

तुमची पुढची बैठक बोंडअळीवर आहे असं तुम्ही लिहिलंय. मग एवढं करा. सभागृहात बसू नका, धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभ्या राहा. डोमकळी तोडून हातात द्या, पाकळ्या चिकटून राहिलेलं फूल, आणि त्यांनाच उघडायला लावा. आत अळी दिसेल. 'कामगंध सापळा' (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारा) हा शब्द बायांच्या गटात पहिल्यांदा काढलात तर तोंडाला पदर लागतील आणि पुढची दहा मिनिटं कोणी काही ऐकणार नाही. आधी सापळा टांगा, पतंग मोजायला लावा, नाव मग आपोआप येतं. एका गावात तर 'नवरदेवाचा डबा' पडलं आणि माझ्या छापील नावापेक्षा बरं चाललं. दुकानातून ल्यूर, म्हणजे सापळ्यात टाकायची ती वासाची वस्तू, आणताना काय म्हणायचं तेवढं मात्र चिठ्ठीवर लिहून द्या.

सूची करायचीच असेल तर माझ्यासारखी दोन रकान्यांची करू नका. शब्द लिहा आणि पुढे, हा शब्द कोण-कोण वापरतं, प्रत्येकाच्या तोंडी तो काय होतो, आणि तो ऐकल्यावर माणसाने उठून काय करायचं, हे लिहा. पानभर एकच शब्द झाला तरी चालेल. माझी वही अशीच आहे, गेल्या महिन्यात 'डीपी'वर अडलीय: वायरमनची डीपी म्हणजे रोहित्र, पोरांचा डीपी म्हणजे मोबाइलवरचा फोटो, आणि परवा कृषी केंद्रात एक आजोबा "डीपीची एक बोरी द्या" म्हणत होते, त्यांना डीएपी खत हवं होतं. वही हवी असेल तर कळवा. झेरॉक्स काढून पाठवतो, पण अक्षर माझं आहे, तेही एकदा समजावून घ्यावं लागेल.